नीबूरचं नाव सगळेच घेतात, पण त्याचा राजकारणावर खरंच काही प्रभाव होता का?

प्रश्न थोडक्यात असा आहे की जिमी कार्टर, बराक ओबामा, रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन, अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेचे माजी प्रमुख जेम्स कोमी, म्हणजे ज्यांचं एकमेकांशी फारसं जमणार नाही असे लोक एकाच अमेरिकन थिऑलॉजियनचं, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या अभ्यासकाचं, नाव घेत आलेत, राइनहोल्ड नीबूर, तर तो खरंच इतका प्रभावी होता की भाषणात टाकायला बरं वाटणारं नाव आहे एवढंच? शिवाय चर्चमधल्या माणसाचा राजकारणावर प्रभाव पडतो म्हणजे नक्की होतं काय, आणि वाचायचं तर कुठून सुरू करायचं. मी बरीच वर्षं राजकीय विचार शिकवतोय, त्यातही धर्म आणि राजकारण हाच माझा मुख्य विषय, आणि हा प्रश्न दर बॅचला कोणीतरी विचारतंच, त्यामुळे जरा ऐसपैस लिहितो.

उत्तर आधीच सांगून टाकतो. प्रभाव होता, चांगला दणदणीत होता, पण लोक तो भलत्याच ठिकाणी शोधतात. कुठल्या प्रेसिडेंटने कितीदा कोट केलं याची यादी करून काही हाती लागत नाही, कोट करायला काही पैसे पडत नाहीत. बघायचं ते हे की या माणसाच्या म्हणण्यामुळे कोणाला काय करणं अवघड झालं आणि कधी तो कोणाला नकोसा झाला. या हिशोबाने बघितलं तर नीबूरच्या आयुष्यात काही ठिकाणी प्रभाव अगदी ठसठशीत दिसतो आणि काही ठिकाणी, जिथे खरी गरज होती तिथे, सपशेल गायब असतो.

आता माणूस कोण ते बघू. जन्म 1892, मिझुरी राज्यातलं एक छोटं गाव, वडील जर्मनीहून आलेले पाळक. येलमध्ये शिकला आणि 1915 मध्ये विशी-पंचविशीतच डेट्रॉइटच्या एका छोट्या जर्मन इव्हँजेलिकल चर्चचा पाळक झाला. मंडळी तेव्हा साठ-पासष्ट, 1928 ला तो निघाला तोपर्यंत सातशेच्या आसपास. पण चर्च वाढलं हा मुद्दा नाहीये, मुद्दा डेट्रॉइट हा आहे, कारण त्या तेरा वर्षांत ते शहर मोटारींवर फुगत होतं आणि हेन्री फोर्ड हा जवळजवळ संत मानला जात होता. दिवसाला 5 डॉलर पगार देणारा मालक, मग 1926 मध्ये पाच दिवसांचा आठवडा देणारा मालक, सगळी वर्तमानपत्रं खूश. नीबूर काय करायचा, तर हिशोब मांडायचा. 5 डॉलर 1914 चे आहेत, महागाई किती वाढली ते बघा. दिवसाचा पगार दाखवू नका, वर्षाला किती दिवस काम मिळतं ते सांगा. आठवडा पाच दिवसांचा केला पण काम तेवढंच त्यात कोंबलं असेल तर उपकार कसले? आणि 1927 मध्ये मॉडेल टी ही गाडी बंद करून नवीन मॉडेलसाठी कारखाना थांबवला तेव्हा हजारो कामगार महिनोन्महिने घरी बसले, बेकारी विमा वगैरे भानगड तेव्हा नव्हतीच, त्यांना पोसलं धर्मादाय संस्थांनी. म्हणजे दानशूर म्हणून नाव फोर्डचं आणि बिल शहराचं.

त्याची त्या काळातली डायरी 1929 मध्ये छापली गेली, त्यात एका मोटार कारखान्याला दिलेल्या भेटीची नोंद आहे आणि मी ती नेहमी वर्गात वाचून दाखवतो. फाउंड्रीत भयंकर उष्णता, माणसं दमलेली, काम म्हणजे निव्वळ हमाली. इथपर्यंत कोणीही लिहील. पण पुढे तो मालकाला शिव्या घालत नाही, म्हणतो की या कारखान्यात तयार होणाऱ्या वस्तू आपल्या सगळ्यांनाच हव्यात आणि त्या बनवताना माणसांची काय किंमत मोजली जाते याची पर्वा करण्याएवढं संवेदनशील आपल्यातलं कोणीच नाही. पुढच्या चाळीस वर्षांतला नीबूर त्या एका नोंदीत आहे असं माझं मत आहे. दोष दाखवताना स्वतःला बाहेर ठेवायचं नाही, आणि स्वतःही दोषी आहोत म्हणून गप्पही बसायचं नाही.

1925 च्या महापौरपदाच्या निवडणुकीत कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेने एका उमेदवाराला पाठिंबा दिला होता आणि क्लॅनवाले बरेचसे प्रोटेस्टंट, रविवारी चर्चला जाणारे. नीबूरने उपदेशातच त्यांच्यावर तोफ डागली, आणि क्लॅन हे आपल्याच प्रोटेस्टंट घरातलं पोर आहे, जबाबदारी झटकू नका, असा एकूण सूर. तो उमेदवार पडला. पडला तो नीबूरमुळे असं मी म्हणणार नाही, पण शहराच्या राजकारणात हा पाळक कोण हे त्यानंतर लोकांना कळलं, पुढे महापौरांनी वांशिक संबंधांवर कमिटी नेमली तिचं अध्यक्षपदही त्याच्याकडे गेलं.

1928 मध्ये तो न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या संस्थेत, शिकवायला गेला आणि 1960 पर्यंत तिथेच होता. एक मजेशीर गोष्ट म्हणजे त्याने थेट राजकारणही करून बघितलंय. सोशालिस्ट पार्टीकडून 1930 मध्ये राज्याच्या सिनेटसाठी आणि 1932 मध्ये काँग्रेससाठी उभा राहिला, दोन्ही वेळा आपटला. मतपेटीतून याचा प्रभाव मोजायला गेलं तर शून्य.

त्याच 1932 मध्ये त्याचं मॉरल मॅन अँड इम्मॉरल सोसायटी हे पुस्तक आलं आणि खरी गोष्ट इथून सुरू होते. म्हणणं अगदी साधं आहे. एकटा माणूस कधीकधी स्वार्थ सोडू शकतो, दुसऱ्यासाठी झीज सोसू शकतो, पण गट तसं करत नाही. वर्ग, राष्ट्र, वंश, कंपनी, यांना आरशात स्वतःचा चेहरा दिसतच नाही, उलट आपला स्वार्थ हाच सगळ्यांचा फायदा असं ते मनापासून मानतात. त्यामुळे नुसतं प्रवचन देऊन, शिक्षण वाढवून, सद्भावना जागवून सत्ताधारी गट आपली जागा सोडेल ही आशा सोडा, तिथे सत्तेला सत्तेनेच भिडावं लागतं. तेव्हाच्या उदारमतवादी चर्चवाल्यांना हे भयंकर झोंबलं, कारण माणूस हळूहळू सुधारतोय आणि देवाचं राज्य जवळ येतंय यावर त्यांचं सगळं चाललेलं.

आपल्याकडच्या वाचकांना यात एक प्रकरण फार जवळचं वाटेल कारण त्यात गांधी आहेत. नीबूर गांधींना डोक्यावर घेत नाही. तो म्हणतो अहिंसक असहकार हासुद्धा दबावच आहे, इंग्रजी कापडावर बहिष्कार टाकला की मँचेस्टरच्या गिरणी कामगारांची पोरं उपाशी राहतात, तेव्हा आमच्या हाताला रक्त नाही असा दावा करू नका. पण इथे न थांबता तो पुढे म्हणतो की दबावाचा हा प्रकार इतरांपेक्षा सरस आहे, यात द्वेष कमी वाढतो आणि मुख्य म्हणजे समोरच्या सत्तेचं ढोंग उघडं पडतं, कारण सत्ता नेहमी स्वतःला शांतता आणि सुव्यवस्थेची राखणदार समजते आणि शांतपणे बसलेल्या माणसावर लाठी चालवली की तो मुखवटा टिकत नाही. आणि मग तो लिहितो की अमेरिकेतल्या काळ्या लोकांची मुक्ती बहुधा याच प्रकारच्या रणनीतीची वाट बघतेय. हे 1932 मध्ये! माँटगोमेरीतल्या काळ्या लोकांचा वंशभेदाविरुद्धचा बस बहिष्कार सुरू झाला 1955 च्या डिसेंबरात.

मार्टिन ल्यूथर किंगने हे सगळं सेमिनरीत आणि मग बोस्टनला पीएचडी करताना वाचलेलं, त्यावर निबंध लिहिलेले. 1963 च्या बर्मिंगहॅम तुरुंगातल्या पत्रात तो नीबूरचं नाव घेऊन सांगतो की गट हे व्यक्तींपेक्षा जास्त अनैतिक वागतात. हा कोट मात्र शोभेचा नाही. ते पत्र गोऱ्या पाद्र्यांना होतं, जे म्हणत होते जरा थांबा, घाई करू नका, आणि किंग त्यांना नीबूरच्याच तर्काने सांगतोय की विशेषाधिकार असलेला गट स्वतःहून कधी सोडत नाही. बर्मिंगहॅमची सगळी आखणी बघा, दुकानांवर बहिष्कार, तुरुंग भरणं, शहराला चर्चेला बसावंच लागेल इतकी कोंडी करणं, यात भाबडेपणा कुठेच नाही. किंगला लोक नुसता प्रेमाचा प्रेषित करून टाकतात तेव्हा मला हेच आठवतं.

आणि आता कडू भाग. ज्याने ही रणनीती वीस-पंचवीस वर्षं आधी ओळखली तो स्वतः ती प्रत्यक्षात आली तेव्हा कुठे होता? बाजूला उभा होता. शाळांमधला वंशभेद बंद करा या सुप्रीम कोर्टाच्या 1954 च्या निकालानंतर 1955 मध्ये कोर्टाने अंमलबजावणीसाठी यथावकाश छापाची भाषा वापरली, नीबूरला ती शहाणपणाची वाटली. दक्षिणेतल्या गोऱ्यांना वेळ द्यावा असं त्याचं म्हणणं. प्रेसिडेंट आयझेनहॉवरला करायच्या आवाहनावर किंगने त्याची सही मागितली तेव्हा त्याने नकार दिला, बाहेरून दबाव आणला तर उलटा परिणाम होईल म्हणून. जेम्स कोन या काळ्या थिऑलॉजियनने 2011 च्या पुस्तकात याबद्दल त्याला धुऊन काढलाय, की क्रूसावर एवढं लिहिणाऱ्या माणसाला आपल्याच देशात झाडांना लटकवलेली माणसं का दिसली नाहीत. मला कोनचं म्हणणं पटतं. नीबूरच्या बाजूने एवढंच सांगता येईल की 1952 मध्ये त्याला स्ट्रोक आला होता, तब्येत कायमची गेली होती, आणि 1965 मध्ये किंगने सेल्माच्या मतदान हक्काच्या मोर्चासाठी देशभरच्या धर्मगुरूंना हाक दिली तेव्हा आजारपणामुळेच येता येत नाही अशी तार त्याने पाठवली. पण आधीचा तो सहीचा नकार आजारपणातून आलेला नव्हता. सावधपणा हा त्याच्या विचारातला गुण होता आणि तोच सावधपणा त्याच्या ओळखीपाळखीच्या, प्रतिष्ठित, उत्तरेतल्या गोऱ्या वर्तुळाच्या सोयीचा पण होता. गटाचा स्वार्थ गटातल्या माणसाला दिसत नाही हे त्याचंच वाक्य त्याला लागू झालं.

याच्या बरोबर उलट उदाहरण म्हणजे हिटलर. नीबूर आधी युद्धविरोधी, शांततावादी संघटनेत अध्यक्ष वगैरे होता. तिसाव्या दशकात तो तिथून बाहेर पडला, आणि 1940 मध्ये सोशालिस्ट पार्टीही सोडली कारण पार्टी युद्धापासून लांब राहायचं म्हणत होती. 1941 च्या फेब्रुवारीत, म्हणजे पर्ल हार्बरच्या दहा महिने आधी, त्याने ख्रिश्चॅनिटी अँड क्रायसिस नावाचं पाक्षिक काढलं, उद्देश एकच, की हात स्वच्छ ठेवायच्या नादात चर्चने जुलमाकडे पाठ फिरवू नये. इथे त्याला किंमत मोजावी लागली, जुने मित्र तुटले, ज्या ख्रिश्चन सेंच्युरीमध्ये तो वर्षानुवर्षं लिहायचा त्या साप्ताहिकाशी बिनसलं. सख्ख्या भावाशी, एच. रिचर्ड नीबूर, तोही मोठा थिऑलॉजियन, 1932 मध्येच, जपानने मांचुरियावर केलेल्या आक्रमणावरून, छापील वाद झालेला होता, भाऊ म्हणत होता काही न करण्यातही कृपा असते, आणि हा विचारत होता, काहीच करायचं नाही का? जर्मनीतला डिट्रिश बोनहॉफर हा त्याचा विद्यार्थी, 1939 मध्ये त्याला अमेरिकेत आणण्यात नीबूरचा हात होता, तो आला आणि काही आठवड्यांत परत गेला, नीबूरला कळवून गेला की आपल्या लोकांच्या संकटात भाग घेतला नाही तर युद्धानंतर जर्मनीतलं ख्रिस्ती जीवन पुन्हा उभारण्यात भाग घ्यायचा मला हक्क नाही. 1945 च्या एप्रिलमध्ये नाझींनी त्याला फाशी दिली.

युद्धानंतर नीबूर एकदम एस्टॅब्लिशमेंटचा माणूस झाला. 1947 मध्ये एलेनॉर रूझवेल्ट, ह्युबर्ट हम्फ्री, आर्थर श्लेसिंजर यांच्याबरोबर उदारमतवाद्यांच्या अमेरिकन्स फॉर डेमोक्रॅटिक अ‍ॅक्शनच्या स्थापनेत, परराष्ट्र खात्याच्या धोरण आखणाऱ्या गटाकडून सल्ल्याला बोलावणं, आणि 1948 च्या मार्चमध्ये टाइमच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाच्या अंकाच्या मुखपृष्ठावर चित्र. प्रभाव म्हणजे काय याचं उत्तर मला इथे सापडतं. त्याने कुठलं धोरण लिहिलं नाही. त्याने त्या पिढीला दोन टोकांच्या मधे उभं राहायला जागा दिली. माणूस चांगलाच आहे, समजावलं की सुधारतो, हे हिटलर आणि स्टालिननंतर म्हणता येत नव्हतं, आणि सगळेच चोर आहेत तर मग आपणही लुटू हे म्हणायचं नव्हतं. 1944 मध्ये त्याने लिहिलं की माणसात न्यायाची क्षमता आहे म्हणून लोकशाही शक्य आहे आणि अन्यायाकडे ओढा आहे म्हणून लोकशाही आवश्यक आहे. हे एक वाक्य शंभर व्याख्यानांचं काम करतं. देव न मानणारेसुद्धा इतके त्याच्या मागे लागले की मॉर्टन व्हाइट या तत्त्वज्ञाने त्यांना नीबूरवाले नास्तिक असं नाव ठेवलं. स्टॅनली हॉवरवॉससारख्या नंतरच्या थिऑलॉजियनचा आक्षेप इथेच आहे, की देव वजा करूनही सगळं तसंच चालत असेल तर ही थिऑलॉजी कसली. आक्षेप वजनदार आहे पण तो चर्चच्या आतला प्रश्न आहे, राजकारणाच्या अभ्यासाला त्याने फार फरक पडत नाही.

1952 च्या द आयरनी ऑफ अमेरिकन हिस्टरी मध्ये तो शीतयुद्धाच्या भर मध्यात म्हणतो की सोव्हिएत राजवट वाईट आहेच, पण आपण निष्पाप आहोत या भ्रमात असलेलं बलाढ्य राष्ट्रही धोकादायकच असतं. आता गंमत बघा, या म्हणण्याचा पहिला अर्धा भाग सगळ्यांना आवडतो. 1964 मध्ये प्रेसिडेंट जॉन्सनने त्याला देशाचं सर्वोच्च नागरी पदक दिलं. तेच जॉन्सन व्हिएतनाममध्ये खोल रुतत गेले तेव्हा दुसरा अर्धा भाग घेऊन हा म्हातारा त्यांच्याविरुद्ध उभा राहिला, आणि मग पदकाचा काही उपयोग नाही.

1969 मध्ये निक्सन आले, त्यांनी व्हाइट हाउसच्या ईस्ट रूममध्ये रविवारच्या उपासना सुरू केल्या, पहिला उपदेश बिली ग्रॅहम या लोकप्रिय धर्मप्रचारकाचा. नीबूर सत्त्याहत्तर वर्षांचा, अर्धं शरीर निकामी, आणि त्याने आपल्या त्या पाक्षिकात एक लेख लिहिला. बायबलमधला आमोस संदेष्टा आहे ना, त्याला राजाचा याजक अमस्या म्हणतो इथे संदेश सांगू नकोस, हे राजाचं पवित्रस्थान आहे, त्या गोष्टीवर तो लेख बेतलेला. म्हणणं असं की राज्यघटनेने सरकारी धर्माला बंदी केलीय, पण प्रेसिडेंटने आपल्या घरात निवडून निवडून पाद्री बोलावले की फक्त गोड बोलणारा धर्म आपोआप तयार होतो. यानंतर निक्सनच्या माणसांनी एफबीआयकडे नीबूरची माहिती मागवली. फाईल तिथे आधीपासून होतीच. कोणी विचारलं की याच्या प्रभावाचा पुरावा काय, तर ओबामांच्या मुलाखतीआधी मी हे सांगतो.

ओबामांचं म्हणाल तर 2007 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या डेव्हिड ब्रूक्सला त्यांनी सांगितलं होतं की नीबूर माझ्या आवडत्या विचारवंतांपैकी एक, आणि समजावूनही नीट सांगितलं, म्हणजे पुस्तक वाचलेलं होतं हे नक्की. 2009 च्या 10 डिसेंबरला ऑस्लोमध्ये नोबेल शांतता पुरस्कार घेताना ते म्हणाले की जगात दुष्टता आहे, अहिंसक चळवळीने हिटलरच्या फौजा थांबल्या नसत्या. भाषण उत्तम आहे, युद्धाची शोकांतिकाही त्यात आहे. पण त्याच्या नऊच दिवस आधी त्यांनी अफगाणिस्तानात आणखी 30,000 सैनिक पाठवायचं जाहीर केलेलं होतं. नीबूरने निर्णय घडवला की झालेल्या निर्णयाला चांगलं कापड नेसवलं? मी दुसऱ्या बाजूला झुकतो. इराक युद्धाच्या वेळी तर समर्थक आणि विरोधक दोघांनीही त्यालाच साक्षीला काढलं, एकाने दुष्टता आहे हा भाग घेतला, दुसऱ्याने आपणही धुतल्या तांदळाचे नाही हा. त्याच्या विचाराची ही खरी कमजोरी आहे, तो दिशा दाखवतो पण नेमकं कुठे थांबायचं ते सांगत नाही, त्यामुळे ज्याला जे करायचंच आहे तो जड अंतःकरणाने, नीबूरचं नाव घेऊन करतो.

कोमींचं प्रकरण जरा वेगळं आणि मला आवडणारं. त्यांनी 1982 मध्ये कॉलेजात असताना प्रबंध लिहिला तो नीबूर आणि टीव्हीवरचे उपदेशक जेरी फॉलवेल या दोघांच्या तुलनेवर, आणि 2017 मध्ये त्यांचं गुपचूप चालवलेलं ट्विटर अकाउंट सापडलं ते नीबूरच्याच नावाने. ती तुलना फार बरोबर पकडलेली आहे. फॉलवेलने 1979 मध्ये मॉरल मेजॉरिटी काढली, मतदार नोंदवले, उमेदवार पाडले, निवडून आणले. तो प्रभाव मोजता येतो. नीबूरकडे गठ्ठा मतं कधीच नव्हती, होतं ते एक सेमिनरी, एक पाक्षिक, आणि जुनी प्रोटेस्टंट चर्चेस, ज्यांच्या बाकांवर सिनेटर, संपादक, बँकर बसायचे आणि पाद्री काय बोलतो याकडे त्यांचं थोडंफार लक्ष असायचं. त्या चर्चेसची सदस्यसंख्या साठच्या दशकापासून उतरत गेली, ते पाक्षिक 1993 मध्ये बंद पडलं. आता नीबूर का दिसत नाहीत असं विचारणारे हुशार माणूस शोधत असतात, माणसं आहेत हो, ऐकणारी ती खोली राहिलेली नाही.

वाचायचं असेल तर, शांती दे, धैर्य दे, शहाणपण दे ही जी प्रार्थना व्यसनमुक्तीच्या गटांमुळे जगभर गेली तीही याचीच, पण तिथून सुरू करू नका, राजकारण त्यात काही नाही. दोन खंडांचं द नेचर अँड डेस्टिनी ऑफ मॅन हेही आधी नको, अर्ध्यात सोडाल. डेट्रॉइटची डायरी घ्या, दोन बैठकीत संपते, मग 1932 च्या पुस्तकातलं गांधींवरचं प्रकरण, आणि लगेच किंगचं बर्मिंगहॅमचं पत्र शेजारी ठेवून वाचा. आयरनी त्यानंतर, आणि त्याच्या पाठोपाठ कोन वाचल्याशिवाय नीबूरबद्दल मत बनवू नका.